बेडका मशीनवर गेला का?



मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या सुनेला खोकला लागला. वय सव्वीस, पदरात दीड वर्षाचं बाळ. तीन आठवडे झाले तरी खोकला हटेना. संध्याकाळ झाली की अंग तापायचं, घास तोंडात फिरायचा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी दोन वेळा गोळ्या बदलून दिल्या. मग एका दवाखान्यात बेडका तपासला. कागदावर आलं, निगेटिव्ह. मावशी कागद घेऊन आमच्याकडे धावत आल्या. "सिस्टर, टीबी नाही म्हणाले हो." आम्ही कागद बघितला, मावशींच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "चला, बरं झालं."

तिथंच आमची चूक झाली. आमच्यातल्या दोघी नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या, कित्येक वर्षं वॉर्डात काढलेल्या. हा बेडका कशावर तपासला, काचेवर की मशीनवर, एवढं तरी आम्ही विचारायला हवं होतं. विचारलं नाही. अडीच महिन्यांनी ती पोरगी जिन्यात बसली ती उठेना. तेव्हा दुसऱ्या ठिकाणी बेडका मशीनवर गेला आणि त्याच संध्याकाळी उत्तर आलं. टीबी आहे, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी आहे. ते अडीच महिने बाळ तिच्याच कुशीत झोपत होतं.

म्हणून या वेळचं आरोग्याचं पान आम्ही या एकाच प्रश्नासाठी वापरतो आहोत. काच आणि मशीन यात एवढा फरक का पडतो, हे समजलं तर दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहून बोलायला बळ येतं. सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे तो आपल्या चुलीवरचाच धर्म. उष्णता.

टीबीचा जंतू पहिल्यांदा माणसासमोर ठेवला तो रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी, २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. हा जंतू मुळात दिसतच नव्हता, कारण त्याच्या अंगावर मेणासारख्या चरबीचं जाड कवच असतं. साधा रंग त्यावर चढत नाही, तेलकट ताटावरून पाणी घरंगळावं तसा घरंगळून जातो. कॉख यांच्या मागोमाग त्सील आणि नील्सन या दोघा जर्मन डॉक्टरांच्या कामातून जी पद्धत तयार झाली, ती आजही त्यांच्याच नावाने चालते. काचेवर बेडक्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर लाल रंग ओतायचा आणि खालून ज्योत लावायची. वाफ दिसली पाहिजे, पण रंग उकळता कामा नये. उष्णतेनं कवच सैल होतं आणि रंग आत शिरतो. मग वरून आम्ल ओतलं तरी टीबीचा जंतू रंग सोडत नाही, बाकीचे सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रानात तांबड्या बारीक काड्या दिसल्या की समजायचं.

आम्ही शिकत होतो तेव्हा लॅबच्या खोलीत स्पिरिटचा दिवा कायम पेटलेला असायचा. लॅबवाले दादा हातात चिमटा धरून काचेखालून ज्योत फिरवायचे आणि आम्हाला ओरडायचे, "पंखा लावू नका गं पोरींनो!" त्या काळी ती काच म्हणजे मोठा आधार होता. आम्ही काचेला नावं ठेवत नाही. त्या काचेनं लाखो माणसं वाचवली आहेत.

पण काचेची एक मर्यादा आहे आणि ती गरिबाच्या जिवावर बेतते. काचेवर जंतू दिसायला एका मिलीलीटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर बघणाऱ्याला एकही काडी दिसत नाही आणि तो प्रामाणिकपणे निगेटिव्ह लिहितो. आजार नुकता सुरू झालेला असतो तेव्हा जंतू कमी असतात. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाच्या बेडक्यात कमी असतात. लहान मुलांमध्ये तर फारच कमी. म्हणजे ज्यांना लवकर औषध मिळायला हवं, त्यांच्याच बाबतीत काच गप्प राहते. दुसरं म्हणजे, काचेवर जंतू दिसला तरी तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. ते बाहेरून बघून कळत नाही. त्यासाठी जंतू फोडून आतलं वाचावं लागतं.

आतलं म्हणजे काय? प्रत्येक जिवंत पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत त्या जिवाचा सगळा कारभार लिहिलेला असतो. टीबीच्या जंतूचा धागा आमाशयाच्या जंतूपेक्षा वेगळा, तुमच्या-आमच्यापेक्षा वेगळा. तो धागा हाती आला की हा टीबीच आहे हे सांगता येतं. रिफाम्पिसिन चालणार की नाही हेही त्याच धाग्यावरून सांगता येतं. त्यावर ८१ अक्षरांचा एक छोटा तुकडा आहे, आणि रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जवळजवळ सगळ्या जंतूंमध्ये बदल झालेला असतो तो त्याच तुकड्यात. शंभरातल्या पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त वेळा.

आता फोडायचा कसा? आपल्या पोटात राहणाऱ्या साध्या जंतूंचं सोपं आहे. त्यांना थोड्या पाण्यात घालून दहा मिनिटं उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेत ठेवलं की ते फुटतात, धागा पाण्यात सुटतो. कोणत्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे रोज चालतं. पातळ सालीचं वांगं निखाऱ्यावर ठेवलं की फुटतं, तसं. टीबीचा जंतू मात्र कडक कवचीचा. त्याला नुसती ऊब पुरत नाही. नीट मोजलेली उष्णता लागते आणि बहुतेक वेळा सोबत आणखी काहीतरी लागतं, कवचाची चरबी सोडवणारं रसायन किंवा कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचे हादरे. औषधाला दाद न देणारा टीबी ओळखायची पट्टीची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत सुरू झाली, तेव्हा तिची रीत अशी होती की जंतू २० मिनिटं ९५ अंश सेल्सिअसवर ठेवायचे, नंतर १५ मिनिटं आवाजाच्या हादऱ्यांच्या पाण्यात. आधी उष्णतेनं मारायचे आणि सैल करायचे, मग हादऱ्यांनी फोडायचे. यात लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाचाही बचाव आहे, कारण पुढचं सगळं काम मेलेल्या जंतूंवर चालतं.

आमच्या बैठकीत एका ताईंनी विचारलेला प्रश्न फार नेमका होता. "एवढ्या उष्णतेत जंतू मरतो, फुटतो, मग तो धागा कसा काय शिल्लक राहतो?" अंडं उकडताना काय होतं ते आठवा. पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा कधी पातळ होत नाही. ती प्रथिनं. जंतूचीही प्रथिनं तशीच गोठून निकामी होतात. डीएनएचा धागा दुपदरी असतो, वेणीसारखा पिळलेला. ९५ अंशाला त्याचे दोन पदर सुटे होतात, पण पदर स्वतः लगेच तुटत नाहीत, अक्षरं जागेवर राहतात. प्रेशर कुकरसारख्या मोठ्या भांड्यात, ज्यात आम्ही ऑपरेशनची हत्यारं १२१ अंशावर निर्जंतुक करतो, तिथं मात्र धाग्याचेही तुकडे पडायला लागतात. म्हणजे उष्णता कमी पडली तर कवच फुटत नाही आणि जास्त झाली तर वाचायचा कागदच जळतो. भात कधी उतरवायचा हे जसं कळावं लागतं तसंच हे.

पुढची गंमत तर आणखी मोठी आहे. फुटलेल्या जंतूंतून निघालेले धागे इतके थोडे असतात की ते थेट वाचता येत नाहीत. म्हणून त्यांच्या प्रती काढतात. गरम केलं की दोन पदर सुटतात, थंड केलं की प्रत्येक पदराशेजारी नवा पदर विणला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार. असं तीस वेळा केलं की एका धाग्याचे शंभर कोटींहून जास्त होतात. हवं तर घरी मुलांकडून हिशेब करून घ्या. ही पद्धत, पीसीआर, कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली. विणकाम करणारं जे प्रथिन असतं ते अंड्यासारखं गोठू नये, म्हणून ते घेतलं गेलं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जंतूकडून. ज्याला उकळत्या पाण्याशेजारी राहायची सवय, त्याची हत्यारं उष्णतेला कशाला भितील! वज्रेश्वरीच्या गरम कुंडाशी जाऊन आलेल्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

हे सगळं करणारं यंत्र आता मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीतच असायला हवं असं नाही, आणि आमचं मुख्य म्हणणं हेच आहे. सरकारी कार्यक्रमात मुख्यतः दोन मशीनं आहेत. एकाला दवाखान्यात सीबीनॅट म्हणतात. ते बाहेरचं आहे, त्याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये मान्यता दिली. त्यात जंतू फोडायचं मुख्य काम आवाजाचे हादरे करतात. साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही कळतं. दुसरं ट्रूनॅट. हे आपल्या शेजारचं, गोव्यातल्या मोलबायो या कंपनीचं. याला जागतिक संघटनेची मान्यता मिळाली २०२० मध्ये. यात बेडका आधी औषध घालून पातळ करतात, मग एका बंद कार्ट्रिजमध्ये ओततात. ती पेटी मशीनमध्ये बसवली की रसायन आणि उष्णता मिळून जंतू फोडतात, धागे वेगळे काढतात. वीस मिनिटांच्या आसपास हे काम चालतं. त्यातले थोडे थेंब एका छोट्या चिपवर टाकले की तासाभरात टीबीचं उत्तर. टीबी निघाला तर उरलेले थेंब दुसऱ्या चिपवर टाकून रिफाम्पिसिनचं उत्तर. मशीन टेबलावर मावतं, बॅटरीवर चालतं. जिथं दुपारी लाइट जाते तिथंही चालतं.

तिसरी एक पद्धत आहे, तिचं नाव लॅम्प. हिच्यात तर बेडका ९० अंशावर फक्त पाच मिनिटं गरम करायचा आणि मग ६७ अंशावर चाळीस मिनिटं ठेवायचा. टीबी असेल तर नळी विशिष्ट दिव्याखाली चमकते. हिला २०१६ मध्ये जागतिक मान्यता मिळाली. फक्त औषध चालेल की नाही हे हिच्यात कळत नाही, म्हणून हिच्यात टीबी निघाला तरी पुढची तपासणी मागायची.

काच आणि मशीन यांच्यातला फरक आता आकड्यात बघा. काचेला लागतात मिलीलीटरमागे पाच-दहा हजार जंतू. या मशीनांना शे-दीडशे पुरतात, सीबीनॅटच्या नव्या कार्ट्रिजला तर त्याहूनही कितीतरी कमी. आमच्या मावशींच्या सुनेच्या पहिल्या बेडक्यात कदाचित दोन हजार असतील. काचेसाठी ते नव्हतेच. मशीननं ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

सरकारी धोरणही आता हेच आहे की टीबीचा संशय असेल तर जमेल तिथं सुरुवातीलाच नॅट म्हणजे मशीनची तपासणी करावी. ती फुकट आहे. मग आपल्या वस्तीत अजून काच का? आम्ही जिथं जिथं विचारलं तिथं वेगवेगळी उत्तरं मिळाली. एका ठिकाणी मशीन होतं, चिपा संपल्या होत्या. एका ठिकाणी चिपा होत्या, पण टेक्निशियन ताई दोन केंद्रांत मिळून एकच, त्या आठवड्यातून तीन दिवस इथे. एका ठिकाणी मशीनवर कापड झाकलेलं होतं आणि कापडावर फाइली. कोरोनाच्या वेळी, २०२० मध्ये, हीच मशीनं कोरोनाच्या तपासणीला लागली. त्याबद्दल आमची तक्रार नाही, ती गरज होती. पण त्या वर्षी टीबीचे पेशंट कागदावर खूप कमी दिसले, ते टीबी कमी झाला म्हणून नव्हे. ते घरात खोकत होते. तेव्हा जी मशीनं रात्रंदिवस चालवायला माणसं मिळाली, पैसा मिळाला, ती आज दुपारी एकला बंद का होतात, हा प्रश्न विचारायला आम्हाला कुणाची परवानगी नको.

काही सुशिक्षित मंडळी आम्हाला म्हणतात की वस्तीतल्या बायकांना डीएनए आणि अंश सेल्सिअस सांगून काय उपयोग, त्यांना 'वेळेवर औषध घ्या' एवढंच सांगा. हे आम्हाला मान्य नाही. ज्या बाईला दहा घरांची धुणीभांडी करून महिन्याचा हिशेब तोंडपाठ ठेवता येतो, तिला काच आणि मशीन यातला फरक कळतो. तिला तो कुणी सांगितलेलाच नसतो.

एक मात्र आम्हालाही नंतर शिकावं लागलं, म्हणून सांगतो. हे मशीन मेलेला जंतू आणि जिवंत जंतू यात फरक करत नाही. उष्णता दोघांनाही फोडते, धागा दोघांचाही निघतो. औषध चालू असताना छातीत मेलेले जंतू बरेच दिवस पडून असतात. म्हणून उपचार मध्यावर आला, माणूस सुधारला, वजन वाढलं, आणि कुणी पुन्हा मशीनची तपासणी केली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आमच्या ओळखीतल्या एका दादांनी याच कागदावरून औषध गेलं वाया असं समजून गोळ्या सोडल्या होत्या. उपचार लागू पडतो आहे का हे बघायला काच किंवा कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, हेच योग्य. काचेचं काम संपलं नाही असं आम्ही म्हणालो ते यासाठीच. कल्चरला जिवंत जंतू लागतात आणि वेळही लागतो, दोन ते आठ आठवडे.

यावरून ती आजींची गोष्ट आठवली. बैठकीत उष्णतेचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मग बाई, आम्ही घरूनच उकळून आणलं तर?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. घरी उकळायचं नाही. मशीनमध्ये जे गरम होतं ते बंद पेटीत, मोजून होतं. उघड्यावर गरम केलं तर ते उडतं, आणि कल्चरला पाठवायचं असेल तर जंतू मेलेले चालत नाहीत. बेडका जसा आहे तसा, थंडाव्यात आणि लवकर पोचला पाहिजे. आमच्या वस्तीतल्या एका केंद्रात बेडक्याच्या डब्या पत्र्याच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, एप्रिल महिन्यात, दुपारी. अशा उन्हात टीबीचे जंतू मरतात, तोंडातले दुसरे जंतू माजतात आणि कल्चर वाया जातं. जी उष्णता मशीनमध्ये हवी ती कट्ट्यावर मिळते आणि मशीन कपड्याखाली थंड. तिथल्या सिस्टरना आम्ही एवढंच म्हणालो की लसींच्या शेजारी नको, पण नमुन्यांसाठी वेगळी बर्फाची पेटी मागवा, अर्जावर सह्या आम्ही आणून देतो. त्यांनाही बरंच वाटलं. त्या एकट्या किती भांडणार?

आता बेडक्याबद्दल. थुंकी म्हणजे बेडका नव्हे. डबी हातात दिली की माणूस लाजतो, कोपऱ्यात जातो, तोंडातलं थोडं पाणी टाकतो आणि परत देतो. ते पातळ, फेसाळ पाणी जगातल्या कुठल्याही मशीनवर ठेवलं तरी काही निघणार नाही. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, आणि छातीच्या तळातून खोकून काढा. घट्ट, पिवळट असेल ते बरोबर. एक चमचाभर तरी हवं. हे घरात करू नका, बाहेर मोकळ्या हवेत करा, इतर माणसांपासून लांब. बायकांना यात फार अडचण होते, कारण मोकळी जागा म्हणजे सगळ्यांसमोर. आमच्याकडे विहाराच्या मागची भिंत त्यासाठी ठरवली आहे, सकाळी सहा ते सात, पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. उपासकांपैकी दोघांनी सुरुवातीला कुरकूर केली. नंतर त्यांच्याच घरातून एक डबी आली.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती गिळतात. त्यांच्या पोटातलं पाणी सकाळी नळीने काढून मशीनवर तपासता येतं. मानेला गाठ असेल तर सुईने काढलेला नमुना मशीनवर जातो. आणि मशीननं नाही म्हटलं तरी खोकला, ताप, वजन घटणं चालू असेल तर एक्स-रे आणि डॉक्टर सोडायचे नाहीत. मशीन म्हणजे देव नव्हे.

रक्तावरून टीबी सांगणाऱ्या तपासणीबद्दल पुन्हा पुन्हा विचारणा होते. रक्तातली प्रतिपिंडं बघून टीबी ठरवणारे जे किट होते, त्यांच्यावर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, कारण ते खोटी उत्तरं देत होते. तरीही कुणी हजार रुपये घेऊन तसं करून देत असेल तर पैसे देऊ नका. छातीचा टीबी बेडक्यात शोधायचा असतो.

मावशींच्या घरी परत येऊ. कागद आला त्या दिवशी सुनेसाठी वेगळं ताट, वेगळा तांब्या काढला गेला. काढला तो शेजारणीने, मावशींनी नव्हे, पण मावशी काही बोलल्या नाहीत. आम्ही तिथं बसलो होतो. टीबी ताटातून पसरत नाही, खोकल्यातून हवेने पसरतो. खिडकी उघडी हवी, तोंडावर रुमाल हवा, ताट वेगळं कशाला? वेगळं ताट आणि वेगळा तांब्या म्हणजे काय, हे आपल्या समाजाला बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईंनी तो तांब्या उचलला, त्यातलं पाणी स्वतः प्यायल्या आणि परत फळीवर बाकीच्या भांड्यांत ठेवला. त्यावर त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

सुनेचा औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचा उपचार चालू आहे. वजन ३४ किलोवरून ४१ वर आलं आहे. सरकारकडून पोषणाचे महिन्याला १००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. पैसे खात्यात यायला तीन महिने लागले, त्यासाठी आशाताईंनी चार खेटे घातले. बाळाची तपासणी झाली, पोटातल्या पाण्याचीही. काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी दोन वर्षं लक्ष ठेवायला सांगितलं आहे. मावशींनी तपासणीच्या तारखा भिंतीवर खडूने लिहिल्या आहेत.

आमच्याकडे दर रविवारी डब्या मिळतात. ज्यांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे त्यांनी न्याव्यात. डबी देताना आम्ही नाव झाकणावर लिहीत नाही, डबीच्या अंगावर लिहितो, कारण लॅबमध्ये झाकणं एकमेकांना लागतात. खाली लाल पेनने लिहितो, नॅट. आणि सोमवारी संध्याकाळी खिडकीवर जाऊन विचारतो, बेडका मशीनवर गेला का?